डेटाबेस क्लाउडवर नेताना मागे काय राहतं? ऑफिसातला सर्व्हर आणि भाड्याचा डेटाबेस

वागळे_१६ · मंगळवार, रात्री १०:४५

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत मी संगणकाचं सगळं बघतो. बावीस माणसं, शिवाय एक गोडाऊन महापेला. ऑफिसात जिन्याखालच्या खोलीत टॉवर सर्व्हर आहे, त्यावर मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, एसक्यूएल सर्व्हर २०१४ स्टँडर्ड. आत तीन डेटाबेस: हिशेब, साठा आणि जुन्या वर्षांचं दप्तर. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, तेव्हा यूपीएस तगून होता तेवढ्यात मी घरून फोनवर सांगून जो सर्व्हर नीट बंद करून घेतला, तोच हा.

आता त्याची वॉरंटी संपली आहे आणि २०१४ आवृत्तीचा मायक्रोसॉफ्टचा आधार ९ जुलै २०२४ लाच संपला. शेठ म्हणाले, नवा सर्व्हर घेण्यापेक्षा क्लाउडवर जाऊ. ज्यांनी बिलिंग सॉफ्टवेअर करून दिलंय ते म्हणाले, "डेटाबेस तोच, फक्त पत्ता बदलायचा. एका रविवारचं काम." मला आधी स्वतः करून बघायचं होतं. म्हणून अ‍ॅझ्युर एसक्यूएल डेटाबेस (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरचा भाड्याचा डेटाबेस) घेतला आणि चार रात्री बसलो.

पहिल्या रात्री आमची बॅकअपची फाइल चढेचना. नेहमीची रिस्टोरची आज्ञा तिथे चालतच नाही. बॅकपॅक नावाच्या वेगळ्या प्रकारच्या फाइलीत डेटाबेस काढायचा आणि ती आयात करायची, अशी वाट आहे. ती फाइलही निघेना, कारण हिशेबाच्या डेटाबेसमधल्या एकोणीस प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) थेट साठ्याच्या डेटाबेसमधली टेबलं वाचतात. तिथे एका डेटाबेसमधून दुसऱ्याचं नाव घेऊन टेबल वाचता येत नाही, एकाच "सर्व्हर"खाली दोन्ही असले तरी.

दुसऱ्या रात्री कळलं की एजंट नाही. आमची रात्रीची कामं, म्हणजे बॅकअप, इंडेक्सची डागडुजी, थकबाकीची यादी, सगळी एसक्यूएल सर्व्हर एजंट करतो. तिसऱ्या रात्री डेटाबेस मेल नाही हे कळलं. सकाळी आठला शेठना विक्रीचा मेल जातो तो डेटाबेसमधूनच जातो. चौथ्या रात्री कळलं की एक्सपी कमांडशेल, म्हणजे डेटाबेसमधून विंडोजला आज्ञा द्यायची सोय, तीही नाही. आमची एक प्रोसिजर साठ्याची फाइल तयार करून गोडाऊनच्या फोल्डरमध्ये ठेवते. क्लाउडवर फोल्डरच नाही, तर ठेवणार कुठे?

माझे दोन प्रश्न आहेत. हे सगळ्याच क्लाउडवर असं आहे का? आणि अजून काय अडणार आहे, जे मला अजून दिसलेलं नाही?

ऐरोली_डीबीए · बुधवार, सकाळी ८:१०

वागळे, चार रात्री बसलात हे फार चांगलं केलंत. बहुतेक ठिकाणी हे सगळं गाडी हलवल्यानंतर कळतं. ठाणे-वाशी लोकलमधून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आपण इतकी वर्षं "डेटाबेस" म्हणतो तेव्हा दोन गोष्टी एकत्र धरतो. एक डेटाबेस, म्हणजे टेबलं, प्रोसिजर, इंडेक्स. दुसरा सर्व्हर, म्हणजे विंडोज, डिस्क, एजंट, मेल, लिंक केलेले दुसरे सर्व्हर, सगळ्या डेटाबेसना एकमेकांची ओळख. ऑफिसात दोन्ही एकाच पेटीत असल्याने फरक कधी जाणवत नाही. तुम्ही घेतलात त्या अ‍ॅझ्युर एसक्यूएल डेटाबेसमध्ये फक्त पहिली गोष्ट मिळते. तिथे "सर्व्हर" म्हणून जे दिसतं ते एक नाव, लॉगिन आणि फायरवॉलचे नियम, एवढंच. म्हणून यूज ही आज्ञा लिहून एका डेटाबेसमधून दुसऱ्यात उडी मारता येत नाही, म्हणून एजंट नाही. कामं वेळेवर चालवायला इलॅस्टिक जॉब्स नावाची वेगळी सोय आहे, पण ती निराळी मांडावी लागते.

पण क्लाउड म्हणजे एवढंच नाही. तुमच्यासाठी निदान तीन वाटा आहेत.

अ‍ॅझ्युर एसक्यूएल मॅनेज्ड इन्स्टन्स: यात एजंट आहे, डेटाबेस मेल आहे, लिंक्ड सर्व्हर आहेत, तिन्ही डेटाबेस एकमेकांना ओळखतात आणि तुमची नेहमीची बॅकअप फाइल क्लाउडच्या स्टोरेजवर ठेवून थेट रिस्टोर होते. तुमच्या चारपैकी तीन रात्री वाचतात. फाइलसिस्टिम मात्र इथेही नाही. एक्सपी कमांडशेल नाही, फाइलस्ट्रीम (फाइली डिस्कवर ठेवून डेटाबेसला जोडायची सोय) नाही.

अ‍ॅमेझॉनची आरडीएस, म्हणजे त्यांच्या क्लाउडवरची भाड्याची डेटाबेस सेवा: एसक्यूएल सर्व्हरच्या बाबतीत ही साधारण मधली. एजंट आहे, मेल चालू करता येतो, बॅकअप फाइल त्यांच्या एस-थ्री या स्टोरेजवर ठेवून त्यांच्या ठरलेल्या प्रोसिजरने उतरवता येते. पण सिसअ‍ॅडमिनचा अधिकार, म्हणजे सर्व्हरवर सगळं करायची मुभा, तुम्हाला कधीच मिळत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सगळीकडे एसए हे सर्वाधिकाराचं लॉगिन वापरलं असेल, आणि माझ्या अनुभवात ते हमखास असतं, तर तिथे अडेल.

तिसरी वाट, क्लाउडवर नुसतं यंत्र भाड्याने घ्यायचं, त्यावर विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हर. ऑफिसात चालतं ते सगळं चालतं. आणि ऑफिसात तुम्ही करता ते सगळं तिथेही तुम्हालाच करावं लागतं, दुरुस्त्या, बॅकअप, रात्रीची जाग. एक गोष्ट मात्र तुमच्या उपयोगाची आहे: २०१४ आवृत्ती अ‍ॅझ्युरच्या यंत्रावर नेली तर आधार संपल्यानंतरच्या सुरक्षा दुरुस्त्या तीन वर्षं वेगळे पैसे न देता मिळतात. म्हणजे आधी जागा बदला, मग आवृत्ती. दोन्ही एका रविवारी करू नका.

स्टेशन आलं. रात्री येतो.

उत्सव_चौक · बुधवार, दुपारी १:३०

वागळे दादा, अजून काय अडणार विचारलंत ना? वेळ.

अ‍ॅझ्युर एसक्यूएल डेटाबेसचं घड्याळ कायम यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं आणि ते बदलता येत नाही. आत्ताची वेळ देणारं गेटडेट लिहिलंत की साडेपाच तास मागची वेळ मिळते. मी खारघरला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमच्या एका ग्राहकाच्या पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस आम्ही नेला आणि पहिले चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण दिवसा तारीख बरोबरच येत होती. लॅबमध्ये पहाटे पाचला रक्त द्यायला आलेल्या माणसाच्या अहवालावर मात्र आदल्या दिवशीची तारीख. एका आजोबांची उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर दोन वेगळ्या दिवसांची दिसायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी फोन केला. अहवालावर विसंबून औषध ठरतं, त्यामुळे ते चार दिवस मी आजही विसरलेले नाही.

तुमच्याकडे ही गोष्ट आणखी महागात पडू शकते. १ एप्रिलला पहाटे गोडाऊनमधून गाडी निघाली आणि बिल पाचला फाटलं, तर डेटाबेस ३१ मार्च लिहील. बिल गेल्या आर्थिक वर्षात जाईल, बिलांच्या क्रमांकाची मालिका मोडेल, जीएसटीचं विवरणपत्र चुकेल.

आणि ही चूक फक्त प्रोसिजरमध्ये शोधून भागत नाही. टेबलाच्या रकान्याला मूळ किंमत म्हणून गेटडेट दिलेलं असतं, ट्रिगरमध्ये (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) असतं, व्ह्यूमध्ये (साठवून ठेवलेली क्वेरी) असतं. २०१६ पासूनच्या आवृत्तीत अ‍ॅट टाइम झोन वापरून "इंडिया स्टँडर्ड टाइम" मागता येतो. तुमच्या २०१४ मध्ये ते नाही, तिथे यूटीसीच्या वेळेत ३३० मिनिटं मिळवणारं स्वतःचं एक फंक्शन करा आणि सगळीकडे तेच वापरा. म्हणजे हलवायच्या आधी ऑफिसातच बदल करून तपासता येईल.

मॅनेज्ड इन्स्टन्समध्ये वेळेचा पट्टा निवडता येतो, पण तयार करतानाच. नंतर बदलता येत नाही. आरडीएसवरच्या एसक्यूएल सर्व्हरलाही तो तयार करतानाच ठरवावा लागतो. तयार करणाऱ्याच्या हाताशी ही ओळ कागदावर लिहून ठेवा.

पारसिक · बुधवार, रात्री ९:०५

क्लाउडला विरोध म्हणून लिहीत नाही, पण एक बाजू राहते आहे.

आमची कंपनी घोडबंदर रोडवर. दोन वर्षांपूर्वी आम्ही फक्त डेटाबेस क्लाउडवर नेला, सॉफ्टवेअर ऑफिसातल्या संगणकांवरच राहिलं. सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं: ग्राहकांची यादी आणायची, मग प्रत्येक ग्राहकासाठी पुन्हा डेटाबेसला विचारायचं. चार हजार ग्राहक म्हणजे चार हजार फेऱ्या. ऑफिसच्या तारेवर एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, एकूण दोन सेकंद. इंटरनेटवरून तीच फेरी वीस मिलिसेकंदांची झाली तर ऐंशी सेकंद. डेटाबेसचा वेग तोच, विचारणाऱ्याचं अंतर वाढलं. सगळे म्हणायला लागले क्लाउड हळू आहे, आणि आम्ही महिनाभर मोठा, आणखी मोठा डेटाबेस भाड्याने घेत राहिलो. एका पैशाचा फरक पडला नाही. डेटाबेस आणि त्याला सारखं विचारणारं सॉफ्टवेअर एकाच इमारतीत हवं, मग ती इमारत कुठलीही असो.

दुसरी गोष्ट, फायरवॉल. क्लाउडच्या डेटाबेसला सांगावं लागतं की कुठल्या पत्त्यावरून आलेल्यांना आत घ्यायचं. आमच्या ब्रॉडबँडचा पत्ता राउटर बंद-चालू झाला की बदलायचा. सकाळी दहा वाजता एकालाही बिल करता येत नाही, आणि कारण एवढंच की रात्री वीज गेली होती. वैतागून कुणीतरी "सगळ्यांना आत घ्या" असा नियम टाकला. तो तीन आठवडे तसाच होता. स्थिर पत्ता घ्या किंवा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपासून क्लाउडपर्यंतची खासगी वाट, करा, पण तो नियम कधीही टाकू नका.

तिसरं, मेट्रोच्या खोदकामात आमची फायबर दोनदा तुटली. दोन कंपन्यांची जोडणी घेतली तरी दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर उपयोग नाही. विचारून घ्या.

ऐरोली_डीबीए · बुधवार, रात्री १०:२०

पारसिक यांच्या पहिल्या मुद्द्यावर सही. त्यात एक भर.

क्लाउडचा डेटाबेस अधूनमधून जोडणी तोडतो. हा बिघाड नसतो, ती त्याची कामाची पद्धत आहे. दुरुस्त्या चढवताना किंवा एक यंत्र खराब झालं की डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर उचलला जातो. अ‍ॅझ्युरमध्ये अशा वेळी ४०६१३ क्रमांकाची चूक येते, थोड्या वेळाने पुन्हा जोडलं की चालतं. आरडीएसमध्ये दोन ठिकाणी डेटाबेस ठेवण्याची सोय घेतली तर एकाकडून दुसऱ्याकडे जायला साधारण एक ते दोन मिनिटं लागतात. आपली जुनी सॉफ्टवेअरं सकाळी एकदा जोडणी करतात आणि संध्याकाळपर्यंत तीच धरून बसतात. ती तुटली की स्क्रीनवर लाल अक्षरं आणि अर्धवट बिल. पुन्हा प्रयत्न करायची शिकवण सॉफ्टवेअरमध्ये लिहावी लागते. वागळे, सॉफ्टवेअरवाल्यांना हे नक्की विचारा: जोडणी तुटली तर तुमचा प्रोग्राम काय करतो?

आता दुसरी बाजूही लिहितो, कारण धागा वाचून वाटेल की क्लाउडमध्ये फक्त उणंच आहे.

ऑफिसात तुम्ही रात्री दोनला बॅकअप घेता. दुपारी चार वाजता कुणी अटीशिवाय डिलीट चालवलं तर चौदा तासांची बिलं गेली, मध्ये लॉग बॅकअप (झालेल्या बदलांच्या नोंदींचा) घेत नसाल तर. अ‍ॅझ्युर एसक्यूएल डेटाबेस आठवड्याला पूर्ण, बारा किंवा चोवीस तासांनी फरकाचा आणि साधारण दर दहा मिनिटांनी लॉगचा बॅकअप स्वतःहून घेतो. ३ वाजून ५८ मिनिटांचा डेटाबेस मला दाखव म्हटलं की नवा डेटाबेस उभा करून देतो. मूळ मुदत सात दिवस, वाढवून पस्तीस. हे आपण ऑफिसातही करू शकतो, पण किती जण करतात, आणि केलेला बॅकअप उघडून कितीजण बघतात? मी गेली अठरा वर्षं या कामात आहे. पगारी माणूस असलेल्या ठिकाणीसुद्धा मी न उघडणारे बॅकअप पाहिलेत.

डिस्कवरचा डेटा गुप्त ठेवणारी टीडीई तिथे पहिल्यापासून चालू असते. एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्डमध्ये ती २०१९ पासून आली, त्याआधी एंटरप्राइझ घ्यावं लागे. म्हणजे तुमच्या २०१४ स्टँडर्डवर ती नाहीच. जिन्याखालचा टॉवर कुणी उचलून नेला तर सगळा हिशेब उघडा.

हिशेबनीस_ठाणे · गुरुवार, सकाळी ११:१५

तांत्रिक बाजू मला फारशी कळत नाही, पण ऑडिटच्या बाजूने दोन गोष्टी इथे यायलाच हव्यात.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी (लेखे) नियमांत २०२२ साली झालेल्या बदलानुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. म्हणून क्लाउड घेताना विभाग, म्हणजे त्यांची डेटा सेंटरं असलेली जागा, भारतातलाच निवडा, आणि बॅकअपची प्रत कुठे जाते तेही तपासा. नुसता डेटाबेस भारतात असून भागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदललं याची नोंद ठेवणं आणि ती बंद करता न येणं, हेही आलं आहे.

दुसरं, पस्तीस दिवसांचा बॅकअप हा चुकून पुसलेलं परत आणायला ठीक. कंपनी कायद्याने वह्या आठ आर्थिक वर्षं जपायच्या असतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. मागच्या वर्षी एका ग्राहकाने ऐन तपासणीच्या वेळी सांगितलं की जुना सर्व्हर भंगारात दिला, कारण "आता सगळं क्लाउडवर आहे." क्लाउडवर फक्त चालू दोन वर्षं होती. त्या आठवड्यात त्यांच्या हिशेब खात्यातली मुलगी रोज रडत घरी जायची. तिची काहीही चूक नव्हती.

ऐरोली_डीबीए · गुरुवार, दुपारी २:००

हिशेबनीस ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत.

विभागांविषयी: अ‍ॅमेझॉनचे भारतात मुंबई आणि हैदराबाद, अ‍ॅझ्युरचे मध्य भारत म्हणजे पुणे, दक्षिण म्हणजे चेन्नई आणि पश्चिम म्हणजे मुंबई, गूगलचे मुंबई आणि दिल्ली. अ‍ॅझ्युरमध्ये पुण्याचा जोडीदार विभाग चेन्नई आहे, त्यामुळे दूरची प्रतही देशातच राहते. दीर्घ मुदतीच्या बॅकअपची वेगळी सोय आहे, दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, पण ती आपणहून चालू होत नाही. आणि नोंदीत फेरफार झालाच नाही हे पुढे सिद्ध करायचं असेल तर लेजर टेबलं बघा. अ‍ॅझ्युर एसक्यूएल डेटाबेसमध्ये आहेत, ऑफिसात हवी असतील तर एसक्यूएल सर्व्हर २०२२ लागतो.

पामबीच · गुरुवार, रात्री ११:३०

सगळे एसक्यूएल सर्व्हरबद्दल बोलत आहेत, पण इथे मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणारे पण वाचत असतील म्हणून लिहितो. नेरुळच्या एका क्लासचं सॉफ्टवेअर विंडोजवरच्या मायएसक्यूएलवरून आरडीएसवर नेलं, तीन ठिकाणी ठेच लागली.

डंप, म्हणजे डेटाबेसची आज्ञांच्या रूपातली प्रत, चढवताना सुपर अधिकार हवा म्हणून चूक आली. व्ह्यू आणि ट्रिगरच्या व्याख्येत डिफायनर, म्हणजे ती वस्तू ज्याच्या नावावर आहे तो, म्हणून ऑफिसचं रूट लॉगिन लिहिलेलं असतं, आरडीएसवर आम्हाला दुसऱ्याच्या नावाने वस्तू तयार करायला तो अधिकार लागला आणि तो मिळाला नाही. डंपमधून डिफायनर काढून टाका.

विंडोजवर टेबलाच्या नावात लहान-मोठं अक्षर सारखंच धरलं जातं, आरडीएसवर नाही. निम्मी पानं "टेबल सापडत नाही" म्हणाली. यासाठीची सेटिंग आठव्या आवृत्तीत डेटाबेस पहिल्यांदा तयार होतानाच ठरते.

तिसरी ठेच आवृत्तीची. मायएसक्यूएल ५.७ ची आरडीएसवरची नेहमीची मुदत २९ फेब्रुवारी २०२४ ला संपली. त्यानंतर त्यावरच राहायचं तर जादा आकार. ऑफिसात जुनी आवृत्ती तुम्ही दहा वर्षं चालवू शकता, चांगलं नाही पण कुणी विचारत नाही. भाड्याच्या डेटाबेसवर तारीख दुसरा ठरवतो.

पोस्टग्रेस हा आणखी एक डेटाबेस वापरणाऱ्यांनाही हेच: खरा सुपरयूजर मिळत नाही, आणि एक्स्टेन्शनं, म्हणजे वरून जोडायचे भाग, त्यांच्या यादीतलीच चालतात. आधी यादी बघा.

मासुंदा_काठ · शुक्रवार, सकाळी ९:४०

वाचनखूण साठवली. आमच्या पतपेढीत हाच विषय चालू आहे, म्हणून एक अनुभव.

आमच्या सभासदांची नावं मराठीत आहेत. चाचणीसाठी डेटा नेला तेव्हा नव्याने भरलेली नावं सगळी प्रश्नचिन्हं झाली. शेवटी सापडलं ते असं: एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरीसाठी जुना कोडपेज (अक्षरांचा तक्ता) नाही, त्यामुळे साध्या व्हारचार प्रकारच्या रकान्यात ती मावत नाही. एन-व्हारचार हवा आणि लिहिताना मजकुराच्या आधी एन हे अक्षरही हवं. २०१९ पासून यूटीएफ-८ कोलेशन (अक्षरं साठवायची आणि क्रमाने लावायची पद्धत) निवडलं तर व्हारचारही चालतो. दोष क्लाउडचा नव्हता. हलवताना नवीन आयात-प्रोग्राम लिहिला आणि त्यात ते एक अक्षर राहिलं. पण ज्यांच्याकडे मराठी डेटा आहे त्यांनी हलवल्यावर दहा नावं डोळ्यांनी वाचावीत. "ज्ञानेश्वर" आणि "कृष्णा" यांत जोडाक्षरं आहेत, ती नक्की बघा. सभासदाचं नाव पासबुकावर चुकीचं छापलं जाणं आमच्याकडे फार मनाला लागतं.

वागळे साहेब, तुमचं काय ठरलं?

ऐरोली_डीबीए · शुक्रवार, रात्री ८:५०

एक पर्याय मी आधी लिहायला हवा होता. नवा सर्व्हर स्वतःचा घ्यायचा आणि तो ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर ठेवायचा. वीज, थंडावा, आगीपासून बचाव आणि तारा त्यांच्या, यंत्र आणि अधिकार तुमचे. एजंट, मेल, कमांडशेल, तुमच्या वेळेचं घड्याळ, काहीच बदलत नाही. तुमचं गोडाऊन महापेलाच आहे, रिक्षाने दहा मिनिटं. फक्त डिस्क जळाली तर ती बदलायला तुम्हीच जाणार.

वागळे_१६ · सात आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ११:५५

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, पण आज काम पूर्ण झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

उत्सव_चौक ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर मी हलवाहलवी थांबवली आणि आधी मोजदाद केली. आमचा सर्व्हर डेटाबेस सांभाळण्याखेरीज आणखी काय काय करतो, याची. एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमधून सगळे जॉब (एजंटची ठरलेली कामं) काढले, सिस-सर्व्हर्स या यादीतून जोडलेले सर्व्हर, आणि सगळ्या प्रोसिजरचा मजकूर काढून त्यात गेटडेट, एक्सपी आणि दुसऱ्या डेटाबेसची नावं शोधली. माझ्या आठवणीत सहा जॉब होते. निघाले चौदा. त्यातला एक रोज पहाटे सहाला गोडाऊनच्या लेबल छापायच्या यंत्रासाठी फाइल बनवतो. तो ज्यांनी लिहिला ते गृहस्थ २०१७ मध्ये निवृत्त झाले. गोडाऊनमधल्या पोरांना वाटायचं की यंत्र स्वतःच यादी आणतं. हा जॉब मागे राहिला असता तर सोमवारी सकाळी महापेहून एक खोकं निघालं नसतं. गेटडेट दोनशे बारा ठिकाणी होतं.

मग शेठ, सॉफ्टवेअरवाले आणि मी असे तिघं बसलो. त्यांना जोडणी तुटल्यावर काय होतं ते विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की प्रोग्राम बंद पडतो आणि ते लिहायला त्यांना काही महिने लागतील. त्यामुळे मुख्य काम अ‍ॅझ्युरच्या पुण्याच्या विभागात भाड्याच्या यंत्रावर नेलं. डेटाबेसही तिथे आणि बिलिंग सॉफ्टवेअरही तिथेच, शेजारच्या यंत्रावर. ऑफिसातून आणि महापेहून सगळे व्हीपीएनने आत जाऊन काम करतात. पारसिक यांच्यामुळे हे सुचलं, नाहीतर मीही फक्त डेटाबेसच हलवणार होतो. सध्या आवृत्ती २०१४ च ठेवली आहे, दिवाळीनंतर २०२२.

विक्रेत्यांना साठा दाखवणारं छोटं पोर्टल मात्र वेगळं काढून अ‍ॅझ्युर एसक्यूएल डेटाबेसवर ठेवलं. त्याला एजंट लागत नाही, दुसऱ्या डेटाबेसची गरज नाही, आणि तो सर्व्हरलेस प्रकारात घेतला, म्हणजे रात्री कुणी बघत नसेल तर स्वतः झोपतो. सकाळी पहिल्या माणसाला एकदा ४०६१३ येतो. तेवढ्यासाठी पोर्टलमध्ये पुन्हा प्रयत्न करायचं लिहून घेतलं.

बॅकअप रोज रात्री पुण्यात, दुसरी प्रत चेन्नईत. जुन्या वर्षांच्या दप्तराची एक प्रत डिस्कवर घेऊन हिशेबनीस ताईंनी सांगितल्याप्रमाणे आठ वर्षांची मोजणी करून कपाटात ठेवली. टॉवर भंगारात दिलेला नाही.

आज दुपारी शेवटची गोष्ट केली. कालचा बॅकअप तिसऱ्याच एका यंत्रावर उतरवला आणि हिशेबातल्या मॅडमना म्हटलं, कालचं कुठलंही एक बिल सांगा. त्यांनी संध्याकाळी ६:४० चं कळव्याच्या एका गॅरेजचं बिल सांगितलं, दोन बेअरिंग आणि एक पट्टा. तारीख, वेळ, रक्कम, सगळं जसंच्या तसं निघालं. अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात याच रविवारी पुन्हा करणार आहे.

उत्सव_चौक · सोमवार, सकाळी ७:२०

वागळे दादा, वाचून फार बरं वाटलं. सहाच्या लेबलांची फाइल आज गेली का?

वागळे_१६ · सोमवार, सकाळी ७:३५

गेली. मी महापेलाच उभा आहे, पहिली गाडी आत्ता निघाली.